हँकचं घर आणि न बोचणारं हसू



परवा मोठ्या जाऊबाईंचा फोन आला. पाऊसपाणी, गुडघेदुखी, बस्तीतलं विधान असं सगळं बोलून झाल्यावर हळूच म्हणाल्या, "तू म्हणे या वयात कार्टून बघतेस? आणि त्यात म्हणे सारखं मांस भाजत असतात?"

बातमी आमच्या ह्यांच्याकडूनच फुटली असणार. मी म्हटलं, "अक्का, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत."

पलीकडे शांतता. मग म्हणाल्या, "मन मळत नाही का गं ते बघून?"

प्रश्न रागाने विचारलेला नव्हता, काळजीने विचारलेला होता. म्हणून फोनवर दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी झाले नाही. अक्का, हे तुमच्यासाठी लिहितेय. आणि ज्या मैत्रिणींच्या घरात संध्याकाळी टीव्हीवर काय लावायचं यावरून रोज वाद होतो त्यांच्यासाठीही.

गेल्या वर्षी सूनबाईंच्या बाळंतपणासाठी मी सहा महिने टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या एका उपनगरात होते. दुपारी बाळ झोपलं की घरात इतकी शांतता असायची की फ्रीजचा आवाज ऐकू यावा. सूनबाई पडल्या पडल्या टीव्ही लावायची, आवाज अगदी बारीक आणि खाली अक्षरं. त्यात हे 'किंग ऑफ द हिल' सुरू झालं. पहिले दोन दिवस मला कळेना की यात हसायचं कुठे. मागून हसण्याचे आवाज नाहीत, कुणी घसरून पडत नाही, कुणाच्या डोक्यात तवा घालत नाहीत. चार माणसं घरामागच्या गल्लीत कुंपणाला टेकून उभी. एक म्हणतो "हं". दुसरा म्हणतो "हं". तिसरा "हं". चौथा काहीतरी पुटपुटतो. संपलं. मी म्हटलं, हे तर आपल्या गावातल्या पारावरचं चाललंय!

आणि मैत्रिणींनो, तिथेच मला ती मालिका कळली.

थोडी माहिती देते. माईक जज आणि ग्रेग डॅनियल्स या दोघांनी ही मालिका उभी केली. जानेवारी १९९७मध्ये ती अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली आणि २००९पर्यंत तिथे चालली. उरलेले चार भाग २०१०मध्ये दाखवले गेले. एकूण २५९ भाग. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये, मी तिकडे असतानाच, इतक्या वर्षांनी नवे दहा भाग आले. गोष्ट घडते अर्लन नावाच्या गावात. गाव काल्पनिक आहे, पण जज यांनी ते डॅलसजवळच्या गार्लंड-रिचर्डसन या भागावरून बेतलंय. गंमत बघा, त्याच रिचर्डसनमध्ये जैन मंदिर आहे आणि आम्ही तिथेच दर्शनाला जायचो. जाता-येता मी खिडकीतून त्या बैठ्या घरांकडे बघायचे. वाटायचं, यातल्या एखाद्या घरात हँक राहत असेल.

हँक हिल हा घरातला कर्ता पुरुष. प्रोपेन गॅस विकणाऱ्या दुकानात असिस्टंट मॅनेजर. आपल्या सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्यूटेनचं मिश्रण, त्यातलाच हा प्रोपेन. हँकचा आपल्या कामावर इतका जीव की 'मी प्रोपेन विकतो' हे तो एखाद्याने 'मी डॉक्टर आहे' म्हणावं तसं सांगतो. बायको पेगी, शाळेत बदली शिक्षिका. मुलगा बॉबी, गोलमटोल, खेळात शून्य, मोठेपणी लोकांना हसवायचं म्हणतो. बापाला वाटतं मुलाने फुटबॉल खेळावं, अवजारं हातात घ्यावीत. मुलाचं मन भलतीकडेच. हँकला मुलगा समजत नाही आणि मुलावरचं प्रेम तोंडाने सांगताही येत नाही. तेरा सीझन हेच चालतं.

हे वाचून तुमच्यापैकी निम्म्या जणींना आपापलं घर आठवलं असेल. मला तर आठवलंच. आमच्या ह्यांचं खत-बियाणांचं दुकान. मुलाने दुकानात बसावं ही इच्छा, आणि त्याला तर पोत्यांच्या वासानेच शिंका यायच्या. तो शिकला, तिकडे गेला. बाप-लेकाचं भांडण कधीच झालं नाही, पण बोलणंही झालं नाही. आजही दर रविवारी फोन होतो. "पाऊस झाला का?" "झाला." "गाडीचं ऑइल बदललंस का?" "बदललं पप्पा." "टायर बघून घे." मग ह्यांचा फोन माझ्या हातात. पूर्वी मला या बोलण्याचा राग यायचा. लेकराला एक गोड शब्द बोलता येत नाही का? हँकला बघून माझ्या लक्षात आलं की गाडीचं ऑइल हाच तो गोड शब्द आहे. ह्या माणसांची भाषाच ती.

आता हसण्याकडे येते, कारण मला खरं बोलायचंय ते त्याबद्दल.

आपण पाठशाळेत घोकलंय, चार कषाय आणि नऊ नोकषाय. त्या नवातलं पहिलंच नाव हास्य. लहानपणी मला हे फार अन्यायाचं वाटायचं. हसण्यात कसलं आलंय पाप? शोक, भय, जुगुप्सा यांच्या पंगतीला बिचारं हसू कशाला बसवलंय? तत्त्वार्थसूत्रात तर सत्यव्रताच्या भावना सांगताना क्रोध, लोभ, भय यांच्याबरोबर हास्याचाही त्याग सांगितलाय. म्हणजे माणूस खोटं बोलतो ते रागाने, लोभाने, भीतीने, आणि हसवण्याच्या नादात. अनर्थदंडव्रताचे अतिचार आठवा. कंदर्प म्हणजे अचकटविचकट विनोद. कौत्कुच्य म्हणजे त्याला अंगविक्षेपाची जोड. मौखर्य म्हणजे तोंडाचा पट्टा. आज कुठल्याही वाहिनीवरचा विनोदी कार्यक्रम लावा, या तिन्ही गोष्टी क्रमाने सापडतील. पुरुषाला साडी नेसवायची, जाड बाईच्या जाडीवर, काळ्या माणसाच्या रंगावर, सासूवर, सुनेवर बोलायचं आणि मागून टाळ्या वाजवायच्या. आपल्या आचार्यांना यादी करताना टीव्ही माहीत नव्हता, पण माणूस माहीत होता.

संन्याशाचं हसू सुटत असेल. आपण संसारी बायका, आपलं कुठून सुटायचं? हसल्याशिवाय एकत्र कुटुंबात एक दिवस निघत नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच की हसायचं कसं. आणि इथे हँकच्या घराने मला शिकवलं, जे मी पाठशाळेत नुसतं पाठ केलं होतं.

पेगीचं उदाहरण घ्या. ही बाई शाळेत स्पॅनिश शिकवते. तिला पक्की खात्री की तिचं स्पॅनिश उत्तम आहे. प्रत्यक्षात ते भयंकर आहे. एका भागात ती वर्गाची सहल मेक्सिकोला नेते आणि परत येताना एका तिथल्याच मुलीला आपली विद्यार्थिनी समजून बसमध्ये घालून घरी आणते. पोर जीव तोडून सांगत असते, पण ते या बाईंना कळेल तर ना! पुढे मुलगी पळवल्याचा खटला उभा राहतो. आणि पेगी सुटते कशाने? न्यायालयात तिने स्वतः स्पॅनिशमध्ये साक्ष दिली म्हणून. ते स्पॅनिश ऐकल्यावर चूक कशी झाली असेल हे कुणालाच समजावून सांगावं लागत नाही.

एखाद्या दुसऱ्या मालिकेने इथे पेगीला सगळ्यांसमोर खजील केलं असतं. इथे तसं होत नाही. तिचा अभिमान तिच्यापाशी राहतो, आपण पोट धरून हसतो, आणि तरी ती आपल्याला आपलीच वाटते. कारण चुकीच्या स्पॅनिशच्या आत एक मेहनती, प्रामाणिक, जरा जास्तच आत्मविश्वासाची बाई आहे. अशा बाया आपल्या महिला मंडळात किती आहेत सांगा. मी स्वतःला धरून म्हणतेय.

दुसरं उदाहरण तर आपल्या समाजाला इतकं लागू आहे की मी उठून बसले. हँकच्या शेजारी कान नावाचा माणूस राहायला येतो. तो लाओस देशाचा. गल्लीतली मंडळी विचारतात, तू चिनी की जपानी? तो सांगतो, मी लाओसचा. ते म्हणतात, कुठला? तो वैतागून सगळा भूगोल सांगतो, देश कुठे आहे, लोकसंख्या किती. मंडळी विचारात पडतात. आणि मग हँक पुन्हा विचारतो, बरं, मग तू चिनी की जपानी?

मैत्रिणींनो, पुण्या-मुंबईला गेल्यावर हे आपल्या बाबतीत किती वेळा झालंय? "तुम्ही जैन? मग गुजराती की मारवाडी?" "नाही हो, आम्ही मराठी जैन. सांगली-कोल्हापूरकडचे. पिढ्यान् पिढ्या शेती करतो. घरात मराठीच बोलतो, सीमेकडचे लोक कानडी." "अच्छा अच्छा. पण मूळचे गुजराती की मारवाडी?" मी त्या दुपारी एवढी हसले की बाळ जागं झालं.

बघा, या विनोदात हसू कुणाचं होतं? परक्या माणसाचं नाही. न ऐकता विचारणाऱ्याचं. आणि त्यातली खोच अशी की पुढे हँकचा बाप येतो, महायुद्धात लढलेला, तिरसट, तोंडाने अत्यंत फाटका म्हातारा. तो कानकडे बघतो आणि पहिल्या फटक्यात ओळखतो की हा लाओसचा. सभ्य माणसांना जे जमलं नाही ते त्या असभ्याला जमलं. मालिका हे दाखवते आणि पुढे जाते. तात्पर्य सांगत बसत नाही. आपण भांडी घासताना दोन दिवसांनी आपल्याला ते उमगतं.

ज्यांनी चि. वि. जोशींचे चिमणराव वाचलेत त्यांना मी काय म्हणते ते कळेल. चिमणरावांना कुणी कधी दुष्टपणे हसलं नाही. त्यांची फजिती झाली तरी ते आपल्या घरातलेच राहिले. दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी ते केले तेव्हा आमच्या वाड्यात एकाच टीव्हीसमोर सगळं घर बसायचं. आजेसासूबाईंपासून शेंबड्या पोरापर्यंत कुणालाच उठून जावं लागायचं नाही. ती चव मला किती वर्षांनी मिळाली, आणि तीही टेक्सासात.

आता अक्कांचा प्रश्न. तो मी टाळणार नाही.

हो, या घरात मांस भाजतात. हँकचं सगळं जगच गॅसच्या शेगडीवर भाजलेल्या मांसाभोवती फिरतं. गल्लीत उभी असलेली चौकडी हातात बिअरचा डबा घेऊनच उभी असते. शिकारीचेही भाग आहेत. ते मी बघत नाही. नाव वाचून अंदाज आला की पुढे जाते, आणि मध्येच काही आलं तर उठून पाणी गाळायला जाते. कार्टून असलं तरी डोळ्यांना ते नको वाटतं, आणि नको वाटावं यातच बरं आहे असं मी मानते.

पण एक भाग सांगते. याच भागामुळे १९९९मध्ये या मालिकेला एमी पुरस्कार मिळाला. बॉबीचं एका मुलीवर मन बसतं. ती मुलगी शाकाहारी. पुढे ती त्याला नाही म्हणते. मग एका हॉटेलात, तिच्या देखत, हा पोरगा बहात्तर औंस, म्हणजे आपल्या हिशोबाने जवळजवळ दोन किलो मांसाचा तुकडा समोर घेऊन बसतो आणि संपवतो. भुकेने नाही. तिला दुखवायला. एकेक घास तिच्याकडे बघत.

तो भाग मी अर्ध्यातून सोडला होता. दुसऱ्या दिवशी सूनबाई म्हणाली, "आई, शेवट बघा." बघितला. आणि मला द्रव्यहिंसा आणि भावहिंसा हे शब्द आठवले. प्राणी मारला गेला ती एक हिंसा. पण त्या पोराने ताटातल्या अन्नाचं हत्यार केलं, ती दुसरी. हे काय आपल्या घरात होत नाही? आपल्या ताटात मांस नसतं, कांदा-बटाटाही नसतो. पण "मला काही नको, तुम्ही जेवा" म्हणून सुनेकडे बघत ताट सरकवणारी सासू मी पाहिली आहे. नवऱ्यावरचा राग उपवासावर काढणारी बाईही पाहिली आहे. तो शुद्ध सात्त्विक भावहिंसेचा स्वयंपाक! ज्यांनी ही मालिका लिहिली त्यांना आपलं तत्त्वज्ञान माहीत असायचं कारण नाही. पण त्यांनी माणूस नीट पाहिलाय.

आणखी एक कबुली. तेरा सीझन ज्याची वाट पाहायची तो बाप-लेकाचा मेळ शेवटी होतो कशावर? मांसाची पारख करण्यावर. बॉबीला चांगल्या-वाईट मांसाची अचूक पारख आहे असं कळतं, आणि बापाला पहिल्यांदा मुलात स्वतःचं काहीतरी दिसतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी मला ओशाळल्यासारखंही झालं. हे दोन्ही एकाच वेळी झालं हे मी लपवत नाही. अक्का, मन मळलं का ते मला माहीत नाही. पण मुलाला आपण कुठे शोधायला गेलो आणि तो कुठे सापडला, हे त्या बापाच्या चेहऱ्यावर मी वाचलं. मी त्यांच्या चुलीवरचं काही घेतलं नाही, त्यांच्या ओट्यावरचं बोलणं तेवढं घेतलं.

आपल्या बायकांसाठी आवर्जून सांगावा असा एक भाग आहे. कानची मुलगी कॉनी काही दिवस हँकच्या घरी राहायला असते. घरात दुसरं कुणी नसताना तिला पहिल्यांदा पाळी येते. समोर एकटा हँक, ज्याला साधं 'पोट' म्हणतानाही घाम फुटतो. त्याची उडालेली भंबेरी बघून आपण हसतो. पण तो त्या पोरीला घेऊन दुकानात जातो, त्या कपाटांच्या रांगेत जाऊन उभा राहतो आणि तिला लागेल ते मिळवून देतो. हसू सगळं हँकच्या लाजेवर आहे, पोरीच्या शरीरावर एक शब्द नाही. मला आमची माडी आठवली. मी बारा वर्षांची, कोपऱ्यात घोंगडीवर बसलेली, आणि वडील जिन्यापर्यंत येऊन न बोलता परत गेले. दुसऱ्या दिवशी जिन्यात पेरूंची पिशवी ठेवलेली होती. इतकी वर्षं मी त्या पिशवीचा अर्थ लावला नव्हता.

आता खरी गोष्ट सांगते. ती सांगायला मला वर्षं लागली.

लग्नानंतरच्या पहिल्याच दशलक्षण पर्वात सूनबाईंनी दहा दिवस एकाशन केलं होतं. पारण्याच्या दिवशी घरात पंधरा-वीस बायका. कुणीतरी तिचं कौतुक केलं. मी, मौखर्याचा अवतार, पटकन म्हणाले, "तिला काय, एकाशनच बरं पडतं, दोन वेळा भाकरी थापायला नको!" सगळ्या खदखदून हसल्या. तीही हसली. मला वाटलं, बरं झालं, पोर खिलाडू आहे.

त्यानंतर ती माझ्याशी फक्त "हो आई" आणि "नाही आई" बोलू लागली. मग ती दोघं तिकडे गेली. मी मनाशी म्हणत राहिले, आजकालच्या मुली.

गेल्या वर्षी टेक्सासात एका हॉटेलात मी माझं इंग्रजी पाजळलं. कंदमूळ नको हे सांगायचं होतं. मी वेटरला ठासून म्हटलं, "आय डोंट ईट अंडरग्राउंड." तो मुलगा गोंधळून बघत राहिला. मी आणखी मोठ्याने म्हटलं, "नो अंडरग्राउंड!" शेजारच्या टेबलावरचे लोक वळले. मी अगदी पेगी! सूनबाईंनी शांतपणे त्याला समजावून सांगितलं. हसली नाही. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं नाही. रविवारी आमच्या ह्यांचा फोन आला तेव्हा मी धास्तावले होते की आता निघणार. नाही निघालं. तिच्या हातात एवढा मोठा विनोद होता, ऐकणारे होते, आणि जुना हिशोबही होता. तिने तो पदराखाली झाकून ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. वीस बायकांसमोर मी काय केलं होतं ते मला तेव्हा दिसलं. तिच्या तपाची मी भाकरी करून टाकली होती.

दर वर्षी क्षमावाणीला आपण सगळ्यांना हात जोडतो. कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा. मीही तिला दर वर्षी फोनवर म्हणायचे. पण 'काही' चुकलं असेल असं म्हणणं फार सोपं असतं. गेल्या वर्षी रिचर्डसनच्या मंदिरातून परत आल्यावर, बाळाला मांडीवर घेऊन, मी ती गोष्ट नाव घेऊन सांगितली. पारण्याचा दिवस, भाकरीचं वाक्य, सगळं. ती बराच वेळ बाळाचं झबलं नीट करत राहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही अबोली रंगाची साडी नेसला होतात, आई."

एवढंच. पण मला कळलं की तिला साडीच्या रंगासकट आठवतंय. दुपारी तिने टीव्ही लावला आणि माझ्या पायाशी येऊन बसली. पेगी काहीतरी चुकीचं स्पॅनिश बोलली. सूनबाई माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "नो अंडरग्राउंड." आम्ही दोघी हसून हसून लोळलो. तेच वाक्य, तोच विनोद. पण तो आता आम्हा दोघींचा होता, माझ्यावर टाकलेला नव्हता.

म्हणून अक्का, माझं मत विचाराल तर सांगते. कुठली मालिका बघावी याची कसोटी फक्त पडद्यावरच्या स्वयंपाकघरात काय शिजतं एवढीच नसावी. ती बघून उठल्यावर आपली जीभ कशी झाली, हेही बघावं. कांदा-लसूण नसलेल्या, आपल्याच भाषेतल्या कितीतरी मालिका मी बघितल्या आणि उठताना मनात एखाद्या नातेवाइकाबद्दल कडवट टोमणा तयार असायचा. हँकच्या घरातून उठताना मला लोकांना फोन करावासा वाटतो. त्या चौकडीत बिल नावाचा एक एकाकी, बायको सोडून गेलेला माणूस आहे. बाकीचे त्याला रोज टोमणे मारतात, पण रोज त्याची गल्लीतली जागा मोकळी ठेवतात. हसून झाल्यावर माणसाची जागा राहिली पाहिजे. राहत नसेल तर तो विनोद अतिचारातच गेला.

पोराबाळांच्या हाती मात्र ही मालिका सरसकट देऊ नका. कार्टून असलं तरी ते मोठ्यांसाठी आहे. दारू आहे, मांस आहे, दुसऱ्याच्या बायकोची भानगडही आहे. मोठ्या मुलांबरोबर शेजारी बसून बघावं, आणि नको तिथे पुढे ढकलावं. ज्यांचा तसा नियम आहे त्यांनी बघूच नये, त्यात काही कमीपणा नाही.

नव्या भागांत बॉबी मोठा झालाय, डॅलसमध्ये शेफ आहे. हँक आणि पेगी सौदी अरेबियातली नोकरी संपवून, निवृत्त होऊन परत आलेत आणि बदललेलं गाव बघून बावरलेत. परवा ह्यांना म्हटलं, एक भाग बघा. नको नको म्हणत बसले. अर्धा तास एकदाही हसले नाहीत. शेवटी उठताना म्हणाले, "माणूस बरा आहे. गॅसची माहिती चांगली आहे त्याला."

त्या रविवारी फोनवर नेहमीचं झालं. पाऊस, ऑइल, टायर. मग फोन माझ्या हातात देता देता थांबले आणि परत कानाला लावून म्हणाले, "तो हँक बघितला रे."

पलीकडून मुलगा बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "हं."

हे म्हणाले, "हं."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात असं एखादं वाक्य आहे का, जे तुम्ही हसत हसत बोलून गेलात आणि समोरच्याला साडीच्या रंगासकट आठवतंय? असेल तर पुढच्या क्षमावाणीची वाट बघू नका.

जय जिनेंद्र.